क्रिमसन किंगचा दरबार: जुनं मिक्स ऐकावं की नवं?

‘किंग क्रिमसन’ या इंग्लिश रॉक बँडचा पहिला अल्बम, ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग’, पुन्हा ऐकावा म्हणून शोधायला गेलात तर कव्हरवरच्या आ वासलेल्या त्याच लाल चेहऱ्याखाली तीन निरनिराळी मिक्स (वेगवेगळी मुद्रित केलेली वाद्यं आणि आवाज एकत्र जुळवून केलेली आवृत्ती) मिळतात: १९६९ चं मूळ, २००९ चं आणि २०१९ चं. वाजवणारे तेच, सुरावटी त्याच. तरी कानाला पडणारा फरक थोडाथोडका नाही.

कॉलेजात मी हा अल्बम कॅसेटवर ऐकला, तोही कॉपीची कॉपी. आवाज धुरकट होता, त्याचं सगळं खापर मी कॅसेटवर फोडलं होतं. थोडा दोष मुळातच होता. १९६९ च्या उन्हाळ्यात लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत आठ ट्रॅकवर (टेपवरच्या आठ स्वतंत्र पट्ट्यांवर) काम झालं, पण शेवटचं स्टीरिओ मिक्स ज्या रेकॉर्डरवर उतरवलं त्याची टेपवर आवाज उमटवणारी हेड्स नीट जुळलेली नव्हती. ट्रेबल (उंच पट्टीचा आवाज) दबला, किंचित खरखर शिरली. पुढे ती पहिली टेपच बरीच वर्षं सापडेना, म्हणून सुरुवातीच्या सीड्या कॉपीवरून निघाल्या. मूळ मिक्स हवं असेल तर २००४ ची सीडी घ्या, ती पहिल्या टेपवरून केलेली आहे.

२००९ मध्ये संगीतकार स्टीव्हन विल्सन आणि बँडचा गिटारवादक रॉबर्ट फ्रिप थेट आठ ट्रॅकच्या टेपांपर्यंत मागे गेले आणि नवं मिक्स केलं. फायदा सगळ्यात जास्त झाला मायकल जाइल्सच्या ड्रम्सचा. ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’च्या मध्यावर सगळे एकदम थांबतात, एकदम सुटतात, जुन्यात तो एकच गोळा वाटायचा, इथे स्नेअर ड्रमवरची बारीक टिपरी मोजता येते. ‘एपिटाफ’चं मात्र मला उलट वाटतं. मेलोट्रॉन या टेपवर चालणाऱ्या कीबोर्डची प्रत्येक पट्टी दाबली की तिच्याखालची टेपची फीत फार तर आठेक सेकंद वाजते. त्या थरथरत्या व्हायोलिनांचं धुकं ग्रेग लेकच्या आवाजाभोवती जुन्यात जास्त दाटतं.

खरी मेख ‘मूनचाइल्ड’मध्ये आहे. गाणं संपल्यावर गिटार, व्हायब्राफोन आणि ड्रम्स कितीतरी वेळ नुसते कुजबुजतात. कॉलेजात मी तिथे हमखास फास्ट फॉरवर्ड दाबायचो. २००९ च्या मिक्समध्ये त्यातली तीनेक मिनिटं कापली, तेव्हा खोटं कशाला बोला, मला बरंच वाटलं. पण चार-सहा वेळा ऐकल्यावर शेवटचं गाणं फिकं वाटायला लागलं. इतका वेळ कान टवकारून बसल्यावर त्याचे पहिले स्वर अंगावर कोसळायचे. आता ते नुसतं पुढचं गाणं झालं होतं.

२०१९ च्या मिक्समध्ये ‘मूनचाइल्ड’ पूर्ण आहे आणि जाइल्सही स्वच्छ ऐकू येतो. पहिल्यांदाच ऐकणार असाल तर हेच घ्या. ज्यांची कॅसेट झिजलेली आहे त्यांनी २००४ ची सीडी घ्यावी, तो दबका आवाज आपल्या ओळखीचा आहे. २००९ चं मिक्स ड्रम वाजवणाऱ्या मित्राकडून उसनं आणलं तरी भागेल.

वेष्टनावरून कळलं नाही तर चौथ्या गाण्याची लांबी बघा: बारा मिनिटांच्या जागी नऊ दिसली, की ते कापलेलं.