बेंजो, ॲप आणि बोर्निओचं जंगल : एका कोल्हापुरी वादकाचा हिशेब

आधी निकाल सांगते, कारण परीक्षण उघडणाऱ्याला तोच हवा असतो. मलेशियातल्या, बोर्निओ बेटावरच्या सारावाकमध्ये होणारा रेनफॉरेस्ट वर्ल्ड म्युझिक फेस्टिव्हल पैसावसूल आहे, पण दुपारसाठी. रात्रीचं संगीत घरी पडद्यावरही पाहता येतं. दुपारी घाम कोण गाळणार म्हणून हॉटेलात लोळणार असाल, तर तिकडे जाऊच नका, त्या पैशात गोवा होईल. आणि बँडसाठी साथीदार वादक जुळवून देणाऱ्या ॲपचं म्हणाल, तर त्याची वर्गणी मी बंद केली आहे.

मी बेंजो वाजवते. पुस्तकात त्याला बुलबुल तरंग म्हणतात, पेठेत तसं कुणी म्हणत नाही. डाव्या हाताखाली बटणं, उजव्या हातात पट्टी, खाली पोलादी तारा. जपानमध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली तैशोगोतो नावाचं वाद्य काढलं, त्याचा हा इकडचा वंशज. आप्पांची बेंजो पार्टी होती. वराती, गणपती, जत्रा, सगळीकडे जायची. पुढे साउंड सिस्टीमच्या भिंती आल्या आणि पार्टीतली माणसं रिक्षा, पेंटिंग, वॉचमनकी अशी पांगली. बेंजो घरात राहिला. तारांचा आवाज अँप्लिफायरला देणारा पिकअप बसवलेला, कडेला पत्रा ठोकलेला. दिवसा मी पतसंस्थेत कर्जाच्या फायली बघते, संध्याकाळी हे.

बँड कसला हवा होता, तर बेंजो, हलगी, बास गिटार आणि गाणारं कुणीतरी. ऑर्केस्ट्रा नको होता, वरातीच्या ऑर्डरी नको होत्या. आपल्या चाली, आपला ठेका, आणि ऐकणारी माणसं बसलेली.

ॲपचं नाव घेत नाही. परदेशी आहे, दिसायला देखणं आहे. प्रोफाइल भरताना ते विचारतं, तुमची प्रेरणास्थानं कोण, तुमचा बाज कुठला, किती वर्षं वाजवता, फोटो टाका, अर्ध्या मिनिटाची क्लिप टाका. वाद्यांच्या यादीत मला कधी दिसणारही नाहीत अशी वाद्यं होती. हलगी नाही, संबळ नाही, बुलबुल तरंग नाही. मी ‘इतर’वर बोट ठेवलं. परीघ वाढवत कोल्हापूरवरून सांगली, बेळगाव, शेवटी पुण्यापर्यंत गेले. हिंजवडीचा एक गिटारवाला भेटला. त्याला बँड हवा होता, पण रिहर्सल त्याच्याच फ्लॅटवर आणि शनिवारी रात्री. एका रॅपरला फुकटात बीट हवी होती. बाकी सगळे ‘हाय डिअर’. शेवटी स्वतःचा फोटो हटवून बेंजोचा टाकला, तर मेसेज येणंच थांबलं. ॲपचं खरं गिऱ्हाईक कोण आहे ते त्या आठवड्यात कळलं.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने लिहिते. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या, गिटार, ड्रम, की-बोर्ड वाजवणाऱ्या मुलाला ते उपयोगी पडत असेल. तिथं परिघात माणसं आहेत.

स्थानिक ग्रुपांवर माणसं खरी असतात, एवढा फरक. जाहिरात टाकली की पहिला प्रश्न, “मॅडम, लग्नाची ऑर्डर घेता काय?” इचलकरंजीचा एक की-बोर्डवाला आला, हात सुरेख. पण प्रत्येक चालीखाली तो यंत्रातला तयार ठेका लावायचा आणि मग हलगीवाल्याने नुसतं बघत बसायचं. एक ड्रमर फोनवर म्हणाला, “ताई, प्रॅक्टिस कशाला? डायरेक्ट शोला येतो की.” गंगावेशीकडचा हलगीवाला पोरगा तेवढा चिकटला. कुस्तीच्या मैदानात वाजवणारा, कान तयार. त्यालाही पहिल्या दिवशी नवल वाटलं होतं. “आक्का, हलगीला कसली प्रॅक्टिस असते व्हय?”

आणि बसायचं कुठं, हाही प्रश्नच. गावात ऐकायची जागा कमी नाही. देवल क्लबला मी मैफलीला जाते. पण हलगी आणि अँप्लिफायर घेऊन चार माणसांनी दोन तास आवाज करायला खोली मागा, कुणी देत नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हापासून तर नाटकवालेही हॉल शोधत फिरताना पाहिले.

तर सारावाक. हा महोत्सव १९९८ पासून चालू आहे, मधली करोनाची वर्षं ऑनलाइन गेली. कुचिंग शहरापासून साधारण ३५ किलोमीटरवर, सांतुबोंग डोंगराच्या पायथ्याला सारावाक कल्चरल व्हिलेज आहे, तिथं तो भरतो. वेगवेगळ्या जमातींची घरं तिथं उभी केली आहेत. इबानांचं लांबच लांब घर, बिदायूंचं गोल घर, मेलानाऊंचं उंच घर. एरवी पर्यटक ती बघून जातात, महोत्सवात त्याच घरांमध्ये वाजवणारे बसतात.

जाण्याचं थोडक्यात. भारतीयांना डिसेंबर २०२३ पासून मलेशियाचा व्हिसा लागत नाही. ही सवलत २०२६ च्या अखेरपर्यंत आहे, तरी निघण्याआधी एकदा खात्री करा. आगमनाचा डिजिटल अर्ज पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचा, तो फुकट आहे. त्याचे पैसे मागणाऱ्या साइटी निघाल्या आहेत, त्यांच्या नादी लागू नका. मुंबईहून क्वालालंपूर, तिथून दुसरं विमान. सारावाकचं इमिग्रेशन वेगळं आहे, त्यामुळे देशांतर्गत विमानाने उतरलं तरी कुचिंगला पासपोर्ट पुन्हा दाखवावा लागतो. मुंबईला तपासणीत बेंजो यंत्रातून पुढं गेला आणि मागं आला. जवानाने पेटी उघडायला लावली, चार बटणं दाबून बघितली आणि विचारलं, “ताई, हा टाइपरायटर आहे का?” मी वाजवून दाखवला. मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी तिथंच फर्माईश केली.

राहायचं कुठं, यावर माझं मत ठाम आहे : कुचिंगमध्ये. महोत्सवाच्या जवळ दामाईला समुद्रकिनारी रिसॉर्टं आहेत, पण शहरात नदीकाठी स्वस्तात खोली मिळते आणि महोत्सवाच्या बस ये-जा करतात. शिवाय सकाळी सारावाक लाक्सा खायला मिळतो. शेवया, नारळाचं दूध, चिंच, कोळंबी, अंड्याच्या पट्ट्या. रंग बघून मला वाटलं आपला तांबडा आला. तिखट मात्र बेताचं, बाजूला दिलेलं सांबल सगळं ओतलं तेव्हा कुठं जीभ जागी झाली. शाकाहारी लोकांनी आधी विचारून खावं, सांबलमध्येही कोळंबीची पेस्ट असते.

आता दुपार. वेगवेगळ्या देशांतून आलेल्या वादकांना एका विषयाला धरून एकत्र बसवतात. आज तारवाद्यं, उद्या चर्मवाद्यं, परवा गळा. त्यांनी एकमेकांना आधी ऐकलेलं असेलच असं नाही. प्रत्येकजण वाद्य दाखवतो, थोडं वाजवतो आणि मग सगळे मिळून काहीतरी धरतात. ऐकणारे हातभर अंतरावर जमिनीवर. इथं वादकाचं पितळ उघडं पडतं. रात्री मंचावर कमाल करणारा माणूस दुपारी दुसऱ्याला ऐकेनासा झालेला मी पाहिला. आणि एक गप्प बसलेली बाई, मांडीवर लहानसं डफासारखं वाद्य, तिनं बोटाने नुसता ठेका धरून सगळा गोंधळ मार्गाला लावला. त्या बैठकीचे तिकिटाच्या दुप्पट पैसे मी दिले असते.

सापे हे तिथलं मुख्य वाद्य. ओरांग उलू लोकांचं, म्हणजे कायान, केन्याह वगैरे जमातींचं. एकाच लाकडातून कोरलेलं, होडीच्या आकाराचं, मागून पोखरलेलं. चाल वाजते एका तारेवर, बाकीच्या तारा सूर धरून ठेवतात. बेंजोचंही तेच आहे. माझे कान तिथंच टवकारले. पूर्वी बायकांनी सापे वाजवायचं नाही अशी रीत होती. आलेना मुरांग यांच्यासारख्या वादकांनी ती मोडली आणि आता त्या सापे घेऊन जगभर फिरतात. आमच्याकडे तरी वेगळं काय होतं? वरातीत बायका गाडीपुढे नाचणार, गाडीवर पुरुष वाजवणार. आप्पांनी मला गाडीवर बसवलं ते पेठेबाहेरच्या वरातींना, ओळखीचं कुणी नको म्हणून.

ओरांग उलूंचं घर उंच खांबांवर आहे, चढायला खाचा पाडलेला ओंडका. बेंजो पाठीला लावून मी चढले. वर ओसरीवर एक माणूस सापे घेऊन बसला होता. कार्यक्रमातला नव्हे, कुचिंगच्या एका शाळेत संगीत शिकवणारा. मी त्याला मास्तरच म्हणत राहिले. इंग्रजी दोघांचंही कामापुरतं. त्याने पेटीकडे बोट केलं, मी उघडली. तुझी प्रेरणा कोण, तुझा बाज कुठला, काही विचारलं नाही. नुसता माझा सा ऐकला. काळी एकचा होता. ट्यूनर खिशात असेल-नसेल, त्याने कान लावून खुंटी पिळली. मग तिसऱ्या पडद्याला, म्हणजे तारेखालच्या पट्टीला, अंगठ्याचं नख लावलं आणि केसभर सरकवला. जुन्या पद्धतीच्या सापेचे पडदे मधमाशीच्या मेणाने चिकटवलेले असतात, हलवता येतात. माझी बटणं जागची हलत नाहीत, म्हणून सरकायचं ते त्याच्याच वाद्याने. त्याने ते न सांगता केलं.

त्याच्या चालीत पाच सूर होते, माझ्या कानाला भूपच. मी आप्पांची एक जुनी वरातीची चाल संथ करून घातली. माझी ओळ संपत आली की तो थांबायचा, मला श्वास घेऊ द्यायचा आणि मग दोनच सूर टाकायचा. जिथं मी घाईत यायचे तिथं त्याची खालची तार मला मागं ओढायची. दमटपणाने माझ्या तारा उतरत होत्या, तोही तेवढाच उतरत होता. दोन मिनिटांत कळलं की या माणसाबरोबर वाजवता येईल. त्या मागल्या सगळ्या प्रोफाइलांमधून हे कळायची सोयच नव्हती.

रात्रीबद्दल फार लिहीत नाही. दोन मंच शेजारी-शेजारी, एकावर चालू असताना दुसऱ्यावर मांडणी, त्यामुळे खोळंबा नाही. पाऊस येतो, लोक चिखलात नाचतात, तुआक नावाची तांदळाची दारू फिरते. तरुण पोरांना धमाल. मला मोठा आवाज फार वेळ सोसत नाही, वरातींनी आधीच कान घेतलेत. मी लवकरची बस धरायचे. संध्याकाळी सगळ्यांना ढोलके देऊन मोठ्या गोलात वाजवायला बसवतात, तो प्रकार मात्र चुकवू नका. लय पळते, कुणीतरी पुन्हा पकडतं, आणि शेजारी बसलेली माणसं कामाची आहेत की नाहीत ते हातावरून दिसतं.

परत आल्यावर मी ग्रुपवरची जाहिरात बदलली. “रविवारी सकाळी दहाला या. वाद्य घेऊन या. आवडीनिवडी नंतर बोलू.” जागा मिळाली ती आमच्याच गल्लीतल्या बंद गिरणीत. शिरोलीच्या एका फाउंड्रीत काम करणारा मुलगा बास घेऊन आला. येऊन बोलला काहीच नाही, हलगी ऐकली आणि तिच्याखाली एकच सूर धरून बसला. त्याला तिथंच ठेवून घेतलं. पावसाळ्यात हलगीचं कातडं सैल पडतं, म्हणून गिरणीच्या दारात पत्र्याच्या डब्यात जाळ करून ती तापवावी लागते आणि शेजारच्या वहिनी धुरावरून ओरडतात.

मास्तरांबरोबर व्हिडिओ कॉलवर वाजवायचा प्रयत्न करून बघितला. जमत नाही. एकत्र वाजवताना आवाजाला पंचवीस-तीस मिलिसेकंदांहून जास्त उशीर झाला की हात अडखळतो, आणि कोल्हापूर-कुचिंग कॉलवर उशीर त्याच्या कितीतरी पट. बोलताना तो कळत नाही, ठेक्यात लगेच कळतो. म्हणून आता मी क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठोक्यांवर, माझा भाग रेकॉर्ड करते आणि वेव्ह फाइल ड्राइव्हवर टाकते. व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज बेंजोचे वरचे सूर खाऊन टाकतो, त्यावर पाठवू नका. ते त्यांचा सापे चढवून परत पाठवतात. ते आमच्यापुढे अडीच तास, त्यामुळे मी ऑफिसला निघेपर्यंत फाइल आलेली असते.

ज्यांना जायचं आहे त्यांनी तीन दिवसांचा पास लवकर काढावा, लवकर घेणाऱ्यांना तो स्वस्त पडतो. महोत्सव साधारण जूनमध्ये असतो, तारखा बघूनच रजा टाका. डासांचं मलम, प्लास्टिकचा रेनकोट, आणि चिखलात गेली तरी चालेल अशी चप्पल. वाद्य असेल तर न्या. लाजू नका, पण मंचावर बैठक चालू असताना मध्येच पेटी उघडू नका. ओसऱ्या आहेत, झाडाखाली जागा आहे.

मास्तरांचा ताजा ट्रॅक परवा आला. दुसऱ्या कडव्यात सापे अर्धी मात्रा मागे राहतो. मी म्हणते, पुन्हा रेकॉर्ड करायला सांगू. हलगीवाला म्हणतो, “आक्का, तसंच ठेवा, मी हलगी मागं घेतो.” बासवाला नेहमीप्रमाणे काहीच बोलत नाही. रविवारी दोन्ही वाजवून बघणार आहोत.