एमबीटीआय द्यावी की बिग फाइव्ह?

भाची विचारत होती, "मामा, स्वभाव ओळखायच्या या दोन टेस्टपैकी कुठली देऊ, एमबीटीआय की बिग फाइव्ह?"

एमबीटीआय माणसाला १६ पैकी एका खणात बसवते. गोम तिथेच आहे. बहुतेक माणसं अंतर्मुख-बहिर्मुखच्या मधोमध कुठेतरी असतात, त्यामुळे दोन उत्तरं इकडची तिकडे झाली की खण बदलतो. खणाचं नाव चार अक्षरांचं असतं; महिन्याभराने पुन्हा दिली तर अनेकांचं त्यातलं एखादं तरी अक्षर बदलतं. बिग फाइव्ह खण पाडत नाही, स्वभावाचे पाच पैलू किती कमी-जास्त आहेत ते मोजते. निकाल बराच टिकतो, कामातल्या कामगिरीशी थोडाफार संबंधही दिसतो. थोडाफारच हं, ती काही पत्रिका नव्हे.

खर्च? पहिलीची अधिकृत चाचणी विकत. दुसरीसाठी आयपीआयपी या सर्वांना खुल्या प्रश्नसंग्रहातल्या प्रश्नावल्या फुकट.

कट्ट्यावर गप्पांना विषय हवा असेल तर पहिली. स्वतःकडे जरा नीट बघायचं असेल तर दुसरी. नोकरभरतीला मात्र पहिली नकोच. ती विकणारेही तसंच सांगतात.