परभणी क्रांती भेंडीचं बी: परसबागेसाठी डोळे झाकून घ्या

थंडी ओसरली, रथसप्तमी झाली की आमच्याकडं घरामागं उन्हाळी भाजी लावायची, हे आजीच्या सासूपासून चालत आलंय. भेंडी, गवार, दोडका आणि कडंला वाळकाचे वेल. वाफे भाऊ करतो, बी मात्र लेकरांच्याच हातानं टोकायचं आणि ज्याची ओळ त्यानंच पाणी घालायचं. दोडका-गवारीचं बी घरचंच असतंय, भेंडीचं मात्र मधी एका दुष्काळात मोडलं, मग परभणीच्या मोंढ्यातल्या बियाण्याच्या दुकानातून परभणी क्रांती आणलं आणि तेव्हापासून तेच लावतोत.

हे वाण आपल्याच परभणीच्या कृषी विद्यापीठाचं, 1980 च्या दशकातलं. त्या टायमाला भेंडीवर केवडा लई यायचा, म्हणजे पानाच्या शिरा पिवळ्या पडायच्या आणि शेंगा पण पिवळट, निबर. हा रोग पांढरी माशी पसरवते. भेंडीच्या जंगली जातीशी संकर करून हे केवड्याला दाद न देणारं वाण काढलं. आता इतक्या वर्षांनी पूर्वीसारखी ताकद राहिली नाही, मार्चनंतर एखादं झाड पिवळं पडतंच, ते दिसलं की लगेच उपटून टाकायचं, बाकीची झाडं चांगली राहतात.

चवीला तर विषयच नाही, शेंग हिरवीगार, कोवळी, नुसतं तेल-मीठ-लसूण आणि दाण्याचं कूट टाकून परतली की ज्वारीच्या भाकरीसोबत लेकरं मागून खातात. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांत तोडा सुरू होतो, मग दिवसाआड तोडायचीच, नाहीतर निबर होते.

पण मी हे बी घ्या म्हणते ते खरं तर दुसऱ्याच कारणासाठी. हे सरळ वाण आहे, हायब्रीड नाही, त्यामुळं घरचं बी धरता येतं. हायब्रीडचं बी धरून लावलं तर पुढच्या वर्षी एक झाड एक तर दुसरं दुसरंच, आणि दरवर्षी पाकीट विकतच आणायचं असंल तर मग परंपरा कशाची राहिली? आमच्याकडं चांगल्या निरोगी झाडाच्या शेंगा धागा बांधून ठेवतेत, झाडावरच वाळू देतेत, आणि आजी ते बी राखेत घालून मडक्यात ठेवती. फक्त शेजारी दुसरी भेंडी नको, मधमाश्या परागकण इकडून तिकडं नेतात आणि वाण भेसळ होतं.

आता दुकानाचं. माणूस चांगलाय, घाई करत नाही, कधी लावायचं ते पण नीट सांगतो. पण पाकिटं शेतकऱ्याच्या हिशोबानं मोठी, परसबागेला एवढं बी करायचं काय? मागितलं तर सुटं देतो कागदाच्या पुडीत, त्यावर ना तारीख ना लॉट नंबर, हे मला अजिबात पटत नाही. मूळ पाकीट दाखवा म्हणायचंच, तारीख बघायची, प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतोय तो बघायचा. भेंडीला उगवण किमान 65 टक्के धरलेली असती, म्हणून एका जागी दोन बिया टोकायच्या. आम्ही शेजारच्या दोन घरांसोबत मिळून एक पाकीट घेतो आणि वाटून घेतो, ते सगळ्यात बेस्ट.

आणिक एक, बी रंगीत दिसलं तर त्याला औषध चोळलेलं असतंय, तसलं लेकरांच्या हातात देऊ नका. घरचं बी असंल तर रात्री भिजवून सकाळी टोका, वाफ्यात सोयाबीनचं भुसकट पसरा, आपली काळी जमीन एप्रिलात भेगाळते, भुसकटानं ओल टिकते आणि बोअरचं पाणी कमी झालं तरी झाडं तग धरतात.

पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा त्या पुडीचा कापला.