अ‍ॅक्रिलिकचा स्वेटर की मेंढीच्या लोकरीची घोंगडी?

बेळगाव-खानापूरकडं पाऊस आणि थंडी दोन्ही अंगावर येतात, म्हणून हा प्रश्न घरोघरी पडतो. बाजारात ‘लोकरीचा’ म्हणून मिळणारा स्वस्त स्वेटर बहुतेकदा अ‍ॅक्रिलिकचा, म्हणजे कृत्रिम धाग्याचा असतो. हलका, मऊ, रंग पक्का, घरी धुता येतो, कसर लागत नाही. शाळकरी पोरांसाठी मी तोच घेईन.

पण चुलीजवळ जपा. अ‍ॅक्रिलिक पटकन पेटतं आणि वितळून कातडीला चिकटतं. लोकर सहसा नुसती धुमसते, जाळ बाजूला केला की विझते. आजी शेकोटीशी बसणार असेल तर तिच्या खांद्यावर घोंगडीच हवी. इथं मला तडजोड मान्य नाही.

ओलीचंही तसंच. सर्वसाधारण हवेत लोकर वजनाच्या 16 टक्क्यांच्या आसपास ओल धरते, तरी ऊब देते. अ‍ॅक्रिलिक जेमतेम 2 टक्के, म्हणून घाम आला की आत चिकचिक. भिजला तर मात्र स्वेटर लवकर वाळतो.

धनगर-कुरुबरांची घोंगडी जड, खरखरीत, चिंचोक्याची खळ दिलेली. टोचते, पण वर्षानुवर्षं टिकते. स्वेटरवर काखेत लवकरच गोळे धरतात.