वारसनोंदीसाठी तीन खेपा : एका लहान नगरपरिषदेच्या सेवेचा अभिप्राय

आम्ही राहतो सोलापुरात; पण वडिलांनी बांधलेले घर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. वडील गेल्यानंतर त्या घराच्या कर आकारणीच्या नोंदीवर आई, मी आणि धाकटा भाऊ अशी तिघांची नावे लावून घेण्याचे काम माझ्याकडे आले आणि त्यानिमित्ताने तिथल्या नगरपरिषदेत तीन खेपा झाल्या. हॉटेलात पदार्थ खारट लागला तरी आपण अभिप्राय लिहितो, आणि ज्या कार्यालयाला दरवर्षी घरपट्टी व पाणीपट्टी भरतो त्याच्याविषयी मात्र घरात चहा पिताना तेवढे बोलतो. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. नगरपरिषदेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जे उणे दिसले त्याचा दोष तिथल्या एकदोन माणसांच्या माथी मारला जावा अशी माझी इच्छा नाही.

ही नगरपरिषद ‘क’ वर्गातील आहे, म्हणजे गावाची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आत. २०११ च्या जनगणनेनुसार साडेनऊ लाख वस्ती असलेल्या सोलापुरात असे काम निघाले की आपले घर कोणत्या विभागीय कार्यालयाच्या हद्दीत येते इथपासून चौकशी सुरू होते. इथे तो प्रश्नच नाही. तळमजल्यावर डाव्या हाताला जन्म-मृत्यू नोंदणीची खिडकी, समोर कर विभाग, त्याला लागून पाणीपुरवठा, वर मुख्याधिकाऱ्यांचे दालन आणि सभागृह. पाच मिनिटांत सगळे कार्यालय पाहून होते. जिन्याजवळच्या फलकावर सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका लावलेली होती. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, तुरटी व ब्लिचिंग पावडर खरेदीस मंजुरी देणे, आठवडी बाजाराच्या वसुलीचा लिलाव, मोकाट जनावरांचा बंदोबस्त. वर्तमानपत्रात यातले काही येत नाही. पण गावाचे रोजचे जगणे याच विषयांवर चालते. मी ती विषयपत्रिका शेवटपर्यंत वाचली, कारण कर विभागातील लिपिक अजून यायचे होते.

सर्वांत आधी जे मनापासून आवडले ते सांगते. वारसनोंदीसाठी घराची मूळ नोंद लागते आणि आमच्याकडे होती ती फक्त अलीकडची बिले. चौवार्षिक आकारणी झाली की मालमत्तेचे क्रमांक अनेकदा बदलतात, त्यामुळे बिलावरच्या क्रमांकावरून जुनी नोंद सापडेलच असे नाही. खिडकीवरच्या तरुण लिपिकाने संगणकावर पाहिले, मान हलवली आणि अभिलेख खोलीतल्या शिपाईमामांना हाक मारली. मामांनी माझ्याकडून क्रमांक न मागता घराची खूण विचारली. मी गल्ली सांगितली, शेजारी पूर्वी पिठाची गिरणी होती असे सांगितले. ते आत गेले, लाल फडक्यात बांधलेला एक गठ्ठा घेऊन आले, गाठ सोडली आणि आडव्या, जाड नोंदवहीची पाने बोटाने नव्हे तर तळहाताने उलटू लागले, कारण कडा इतक्या ठिसूळ झाल्या होत्या की बोट लावले असते तर तुकडाच हातात आला असता. दहा मिनिटांच्या आत त्यांनी पान काढले. निळ्या शाईत वडिलांचे नाव, त्यापुढे खोल्यांची संख्या, ‘दगडी बांधकाम, माळवद’ असे वर्णन, आणि शेऱ्याच्या रकान्यात कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलेले ‘पुढील खोली भाड्याने’. ज्या घरात मी लहानाची मोठी झाले त्याचे एका ओळीतले वर्णन परक्या हस्ताक्षरात वाचताना मी थोडी गप्प झाले. मामांनी ते ओळखले असावे. म्हणाले, “झेरॉक्स काढून देऊ का ताई? उतारा रीतसर घ्याच, पण ही घरी ठिवायला.”

याच पानाने एक अडचणही दाखवून दिली. आमच्या भागात सिद्धेश्वराच्या नावावरून ठेवलेली नावे घरोघरी आहेत, आणि सिद्धराम, सिद्राम, सिद्रामप्पा ही एकाच माणसाची तीन रूपे तीन कागदांवर सापडणे यात कुणालाच नवल वाटत नाही. वडिलांचेही तसेच झालेले. मृत्यूच्या दाखल्यावर ‘द्ध’ आणि नोंदवहीत ‘द्र’. पुणे-मुंबईकडे अशा फरकाने प्रकरण आठवडाभर अडले असते की काय, कोण जाणे. इथे लिपिकाने “दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत एवढे प्रतिज्ञापत्रात घाला” असे सांगून विषय संपवला. मात्र त्या प्रतिज्ञापत्रासाठी मुद्रांक आणा असेही सांगण्यात आले. शासकीय कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांना २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, हे मी शांतपणे सांगितल्यावर त्यांनी शेजारच्या टेबलाकडे पाहिले, शेजारच्या टेबलाने खांदे उडवले, आणि साध्या कागदावरचे प्रतिज्ञापत्र स्वीकारले गेले. बाहेर झाडाखाली बसणाऱ्या टंकलेखकाला मात्र हे रुचले नाही.

मृत्यूच्या दाखल्याविषयी एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, कारण माझ्या पुढे उभे असलेले दोघे जण त्याच कारणाने परत गेले. मृत्यूची किंवा जन्माची नोंद माणूस मूळचा जिथला तिथे होत नाही, तर घटना जिथे घडते तिथे होते. तालुक्याचे पुष्कळ रुग्ण शेवटच्या उपचारासाठी सोलापुरात येतात. त्यांचे दाखले महानगरपालिकेकडून घ्यावे लागतात, गावच्या नगरपरिषदेत ते कितीही शोधले तरी मिळणार नाहीत. एवढी एक ओळ खिडकीवर चिकटवली तर निम्मी गर्दी कमी होईल.

आता जिथे सेवा कमी पडली तिथे येते. पहिल्या खेपेला मी अर्ज, मृत्यूचा दाखला, तिघांचे संमतिपत्र, प्रतिज्ञापत्र आणि थकबाकी नसल्याचा दाखला असा संच दिला आणि दुसरी प्रत पुढे करून पोच मागितली. उत्तर आले, “ठेवून जावा की ताई, आफिस कुठं पळून जातंय? झालं की फोन करतो.” बोलण्यात इतका आपलेपणा होता की आग्रह धरणे मलाच उर्मटपणाचे वाटले. मी अर्ज ठेवला आणि एसटीने सोलापूरला परतले. तीन आठवडे फोन आला नाही. दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा त्या टेबलावर दुसरे लिपिक होते, आधीचे निवडणुकीच्या कामावर गेले होते, आणि माझा अर्ज कोणत्याही फायलीत नव्हता. कुणी फेकला असेल असे मी म्हणत नाही. बहुधा तो कुणाच्या तरी कप्प्यात व्यवस्थित ठेवलेला असावा. पण ज्या कार्यालयाने कित्येक दशकांपूर्वीची नोंद दहा मिनिटांत काढून दाखवली, त्याला तीन आठवड्यांपूर्वीचा अर्ज सापडेना, ही विसंगती मला अजून पचलेली नाही. जुनी नोंद सापडली कारण ती नोंदवहीत होती. माझा अर्ज कुठल्याच वहीत चढला नव्हता, म्हणून कार्यालयाच्या लेखी तो आलाच नव्हता.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे आणि नगरपरिषदांच्या कितीतरी सेवा त्याखाली अधिसूचित आहेत. जन्म-मृत्यूचे दाखले, मालमत्ता कराचा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला यांना तीन दिवसांची मुदत आहे. वारसाहक्काने किंवा दस्ताच्या आधारे मालमत्ता हस्तांतरणाच्या नोंदीला पंधरा दिवस. मुदतीत सेवा मिळाली नाही तर त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे पहिले अपील करता येते, पुढे दुसरे, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे दाद मागता येते. सबळ कारणाशिवाय विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. परंतु हे सगळे पंधरा दिवस मोजायचे कधीपासून? अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून, आणि ती तारीख पोचेवर असते. पोच हातात नसेल तर कायदा पाठ असूनही उपयोग शून्य. सेवांची यादी आणि मुदती दाखवणारा फलक या कार्यालयातही आहे. तो कपाटामागे अर्धा झाकला गेला आहे आणि उघड्या अर्ध्या भागात नेमकी अग्निशमनाच्या ना-हरकत दाखल्याची माहिती दिसते.

दुसऱ्या खेपेला मी घरून आणलेल्या झेरॉक्स प्रतींचा नवा संच केला आणि या वेळी पोचेशिवाय हलणार नाही असे हसतच सांगितले. आवक-जावक टेबलावरच्या बाईंनी काहीही खळखळ केली नाही. गोल शिक्क्याची शाई वाळली होती, तर त्यांनी त्यावर दोनदा फुंकर मारली, गादीवर तो दाबून घेतला, माझ्या प्रतीवर उमटवला, क्रमांक व तारीख हाताने लिहिली आणि सही केली. सारा मिळून दीड मिनिटाचा मामला. नोंद अकराव्या दिवशी झाली. तेच काम, तेच कार्यालय, तेच कागद, आणि एकदा तीन आठवड्यांत काही नाही तर एकदा अकरा दिवसांत पूर्ण. मधला फरक त्या शिक्क्याचा.

ऑनलाइन अर्जाविषयी विचारणारे असतील. अर्ज संकेतस्थळावरून करता येतो आणि त्याला क्रमांक आपोआप मिळतो, हा मोठा फायदा आहे. मुलाबाळांकडून करून घेणे शक्य असेल तर तोच मार्ग धरावा. आमच्या बाबतीत जुनी नोंद संगणकावर पूर्ण चढलेलीच नव्हती, त्यामुळे प्रत्यक्ष जाण्यावाचून सुटका नव्हती.

बिलाविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण कर विभागाची सेवा बहुतेकांना बिलाच्या रूपानेच भेटते. भावाला वाटले मी भरले, मला वाटले त्याने भरले, असे होऊन आमची घरपट्टी थकली होती. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला चोवीस. बँकेच्या कर्जापेक्षा हे महाग पडते. लिपिकांनी आकडेमोड आमच्यासमोर करून दाखवली, घाई केली नाही, पावती लगेच दिली. पैसे घेतानाची पावती मात्र न मागता मिळते, हे जाता जाता नमूद करते. बिलाचे रकाने नीट वाचल्यावर लक्षात आले की घरपट्टीखाली शिक्षण कराच्या जोडीला रोजगार हमी कर लावलेला आहे. हा कर राहत्या घराला नसतो, बिगरनिवासी वापराला असतो. विचारल्यावर कळले की नोंदवहीतला तो बारीक शेरा, ‘पुढील खोली भाड्याने’, पुढे प्रत्येक आकारणीत उतरत गेला होता. त्या खोलीत एक शिंपीकाका मशीन टाकून बसत. त्यांनी दुकान बंद करून कैक वर्षे लोटली, खोलीत आता आईची धान्याची पिंपे आहेत, आणि आम्ही मात्र इमानेइतबारे दुकानाचा कर भरत आलो. यात कार्यालयाची चूक मी मानत नाही. वापर बदलला हे सांगायला आमच्यापैकी कुणी गेलेच नव्हते, आणि आकारणीची यादी हरकतींसाठी प्रसिद्ध झाली तेव्हा ती पाहायलाही कुणी गेले नव्हते. तुमच्या बिलावर असा रकाना असेल तर एकदा विचारून पाहा.

आणखी एक गैरसमज तिथल्या बाकावर बसून पुष्कळदा ऐकला. नगरपरिषदेच्या नोंदीवर नाव लागले म्हणजे घर नावावर झाले, असे लोक समजतात. तसे नाही. ती नोंद कर कुणाकडून वसूल करायचा यासाठी असते. मालकी हक्काचा तो निर्णायक पुरावा नव्हे. जिथे सिटी सर्व्हे झाला आहे तिथे मालमत्ता पत्रकावरची वारसनोंद भूमी अभिलेख कार्यालयात वेगळी करावी लागते, आणि ते कार्यालय नगरपरिषदेच्या अखत्यारीत येत नाही. कर विभागातील नव्या लिपिकांनी हे मला न विचारता सांगितले, त्याबद्दल त्यांना अर्धा तारा अधिक. एकूण पाचपैकी साडेतीन तारे देते. चार देणार होते, पण पहिल्या खेपेचे एसटी भाडे आठवते.

सोलापूरची नगरपालिका १८५२ सालची. तिच्या इमारतीवर १९३० साली तिरंगा फडकला हे आम्हाला शाळेत अभिमानाने सांगत, आणि १९६४ मध्ये ती महानगरपालिका झाली. अशा शहरात राहत असल्यामुळे असेल, पालिकेच्या जुन्या दप्तरांविषयी मला जरा जास्तच जिव्हाळा आहे. तो बाजूला ठेवूनही म्हणेन की शिपाईमामांच्या डोक्यात गल्लीनिहाय जो नकाशा आहे, तो ते निवृत्त होण्यापूर्वी कुणीतरी कागदावर उतरवून घ्यायला हवा. जुना घर क्रमांक, मधला क्रमांक, आताचा क्रमांक अशी तीन रकान्यांची साधी वही केली तरी पुरे.

तिसऱ्या खेपेला उतारा मिळाला. आईचे नाव पहिले, मग माझे, मग भावाचे. वडिलांच्या नावात या वेळी ‘द्ध’ आहे. त्याच दिवशी पुढच्या खोलीच्या वापरबदलाचा अर्ज दिला. कर निरीक्षक पाहणीला कधी येणार ते अजून कळलेले नाही, आईने पिंपे मात्र दारातून दिसतील अशी पुढे ओढून ठेवली आहेत. अर्जाचा आवक क्रमांक माझ्याकडे आहे, आणि आजचा सातवा दिवस.