मालवाहू व्हॅन, तयार कॅम्पर की ओढायची कॅराव्हॅन? चोरी आणि सुरक्षेच्या बाजूने तुलना

व्हॅनमध्ये राहायला जायचं म्हटलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रात्री कोणी दार फोडलं तर? प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच. चोराला आवडते ती रिकामी गाडी. तुम्ही आत झोपलेले असता तेव्हा जिवाला खरा घोर असतो तो हीटरचा, गॅसचा आणि वायरिंगचा. म्हणून प्रत्येक पर्याय दोनदा तपासावा, एकदा तुम्ही बाहेर आहात असं धरून आणि एकदा आत गाढ झोपेत आहात असं धरून. दोन्ही वेळी एकच पर्याय सरस ठरत नाही, आणि निवडीची अडचण तिथेच आहे.

गाडी कुठली

बिनखिडक्यांची मालवाहू व्हॅन घेऊन आतून घर करणाऱ्यांचा युक्तिवाद असा की बाहेरून ती कुठल्याही कारागिराच्या गाडीसारखी दिसते. आत कोणी राहतंय हे कळत नाही, हे खरं. पण कारागिराची गाडी म्हणजे ड्रिल, ग्राइंडर, महागडी अवजारं, आणि ती लगेच विकली जातात. म्हणजे एका प्रकारच्या चोराची नजर चुकवताना दुसऱ्याची ओढवून घेतली जाते. त्यात या गाड्यांचे पत्र्याचे दरवाजे दिसतात तेवढे दणकट नसतात. सरकत्या दाराची वरची कड धरून जोर लावला की दार बाहेर वाकतं आणि आत हात जातो. कुलूप शाबूतच राहतं.

तयार कॅम्परचं, म्हणजे राहण्याची सोय करूनच विकल्या जाणाऱ्या गाडीचं, उलट. ती लांबूनच सांगते की आत लॅपटॉप, कॅमेरा, कदाचित सायकली आहेत. तिच्या खिडक्या बहुधा अॅक्रिलिकच्या असतात, आणि त्यांच्या कड्या पातळ पटाशीसमोरही फारशा टिकत नाहीत. मात्र रात्रीचा विचार केला तर हीच गाडी पुढे जाते. गळलेला गॅस खाली निघून जाईल अशी जमिनीलगतची भोकं, कायम उघडी राहणारी हवेची वाट आणि बाहेर पडायला एकाहून जास्त मार्ग चांगल्या बनावटीच्या कॅम्परमध्ये आधीच असतात. हौशी कारागिराने केलेल्या व्हॅनमध्ये नेमक्या याच गोष्टी राहून जातात, कारण त्या फोटोत दिसत नाहीत.

मालवाहू व्हॅनमध्ये पुढची केबिन आणि मागचा भाग यांच्यात पत्र्याची भिंत असेल तर विचार करून ठरवा. भिंत ठेवली तर केबिनची काच फोडणाऱ्याला मागे येता येत नाही, पण तुम्हालाही आतूनच चालकाच्या जागेवर जाता येत नाही. माझं मत भिंतीत आतून कडी लागणारं छोटं दार करण्याचं आहे. खर्च होतो, पण रात्री दार न उघडता गाडी हलवता येणं हे कुठल्याही अलार्मपेक्षा मोलाचं आहे.

कॅराव्हॅनला इंजिनच नाही. ओढणारी गाडी असलेल्या कोणालाही ती जोडून नेता येते, त्यामुळे जोडणीचं कुलूप आणि चाकाला जामर दोन्ही हवेत. गाडी गॅरेजमध्ये गेली तरी घर जागेवर राहतं, ही तिची मोठी सोय. पण रात्री कोणी त्रास दिला तर आधी बाहेर यावं लागतं. एकटं राहणाऱ्याने ती यादीत शेवटी ठेवावी.

कुलपं आणि बाकीचा बंदोबस्त

व्हॅनसाठी जादा कुलपं मुख्यतः दोन प्रकारची मिळतात. एक दार आपटताच आपोआप लागतं. सामान पोचवणाऱ्यांसाठी ते उत्तम, पण व्हॅनमध्ये राहणाऱ्याला ते रात्री बाहेर पडल्यावर किल्लीशिवाय ताटकळत ठेवतं. दुसरं किल्लीने हाताने लावायचं डेडलॉक, आणि राहण्यासाठी तेच घ्यावं. फक्त एक अट पक्की हवी: ते आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. बाहेरूनच लागणारं आणि बाहेरूनच उघडणारं डेडलॉक म्हणजे आग लागल्यावर पिंजरा.

गाडीच चोरीला जाण्याचा प्रकार वेगळा. किल्ली खिशात असली की दार उघडणाऱ्या गाड्यांमध्ये चोर किल्लीचा सिग्नल यंत्राने लांबवर पोचवतात. किल्ली सिग्नल अडवणाऱ्या फॅराडे पाकिटात ठेवली की हा मार्ग बंद होतो. पाकीट खरंच चालतं का ते दाराशी उभं राहून तपासा. पण हेडलाइटच्या वायरिंगमधून गाडीतल्या संगणकांच्या जाळ्यात खोटे संदेश घुसवण्याची युक्तीही आता चोरांना ठाऊक आहे, आणि तिच्यापुढे पाकीट निरुपयोगी. म्हणून जुन्या पद्धतीचं, काचेतून दिसणारं स्टेअरिंग लॉक मी पहिलं घेईन, इंजिन चालू होऊ न देणारा लपवलेला कट-ऑफ स्विच दुसरा. झोपताना मात्र स्टेअरिंग लॉक लावायचं की नाही हे जागा पाहून ठरवा, कारण घाईत निघताना तेच आडवं येतं.

ट्रॅकरमध्ये सिमवर चालणारा जीपीएस महाग पडतो आणि गाडीची बॅटरीही खातो. एअरटॅगसारखी बिल्ला-यंत्रं स्वस्त आणि एका सेलवर साधारण वर्षभर चालणारी. पण कोणाचा छुपा पाठलाग होऊ नये म्हणून ती अनोळखी माणसाच्या फोनवर इशारा देतात, म्हणजे चोरालाही कळतं. दोन्ही ठेवा. पत्र्याने सिग्नल अडतो, तेव्हा प्लास्टिकच्या भागामागे लपवा. ठावठिकाणा दिसला तर पोलिसांना द्या, स्वतः जाऊ नका.

उंच व्हॅनखाली शिरणं सोपं असल्याने प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम हे महाग धातू असलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाचा धूर शुद्ध करणारा भागही कापून नेला जातो. त्यावर संरक्षक जाळी बसवता येते.

मुक्काम कुठे

पैसे देऊन मिळणाऱ्या कॅम्पसाइटवर आसपास माणसं असतात. जाईल तर बाहेर ठेवलेली खुर्ची किंवा सायकल. वस्तीतल्या शांत गल्लीत मालवाहू व्हॅन खपून जाते, कॅम्पर दुसऱ्या रात्री लोकांच्या नजरेत येते. महामार्गावरचे थांबे सोयीचे, पण तिथे सगळेच अनोळखी आणि कोणी कोणावर लक्ष ठेवत नाही. झोपायला मी तिथे थांबणार नाही. निर्जन रानात चोर कमी, पण मदत लांब आणि फोनला रेंज असेलच असं नाही.

दिवसाची सगळ्यात वाईट जागा म्हणजे डोंगरवाटेच्या पायथ्याचं पार्किंग. तुम्ही पाठीवर पिशवी टाकून वर निघालात की पाहणाऱ्याला हाताशी किती तास आहेत ते कळतं. तिथे पोचण्याआधीच मौल्यवान सामान नजरेआड करा. पोचल्यावर लपवाल तर लपवताना दिसाल.

झोपेत गुंगीचा वायू सोडून लुटतात, ही अफवा मोटरहोमवाल्यांमध्ये फार जुनी आहे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ अॅनेस्थेटिस्ट्स या भूलतज्ज्ञांच्या संस्थेने 2014 मध्ये स्पष्ट म्हटलं होतं की खिडकीतून असा वायू सोडून आतल्याला नकळत बेशुद्ध करणं शक्य नाही. असल्या वायूच्या डिटेक्टरवर पैसे घालवू नका.

पैसे घालवायचे ते कार्बन मोनॉक्साइडच्या डिटेक्टरवर. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ ही लक्षणं झोपलेल्याला जाणवतच नाहीत. डिझेल हीटरचा धूर बाहेर नेणारी नळी सांध्याशी सैल झाली किंवा चिखल-बर्फाने बुजली तरी धोका, आणि गाडी गरम करायला आत शेगडी पेटवणं तर वेडेपणाच. हा डिटेक्टर उशीच्या उंचीला लावा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने त्याचा मात्र जमिनीलगत. दोन्हींवर मुदत छापलेली असते. जुनी व्हॅन घेताना तीही वाचा.

विमा

इथे तिन्ही पर्यायांत सर्वाधिक घोळ घरी बदललेल्या मालवाहू व्हॅनचा होतो. गाडीच्या विम्यात सहसा गाडी येते, तुमचं सामान येईलच असं नाही. घरातल्या सामानाच्या विम्याला पत्ता लागतो, आणि तुमचं घर तर चाकांवर. बदल कळवलेले नसतील तर दावा नाकारला जाऊ शकतो. म्हणून व्हॅन विकत घेण्याआधीच विमा कंपनीकडून तीन गोष्टी लेखी घ्या: कायम राहण्यासाठी वापर चालतो का, आतलं फर्निचर आणि सोलर पॅनेल धरलेत का, आणि गाडी रात्री कुठे उभी असावी याची अट आहे का. ते कागद, पासपोर्टच्या प्रती आणि संगणकातल्या फायलींची एक प्रत व्हॅनबाहेर कोणाकडे तरी ठेवा.