हा आकडा आला कुठून? अ‍ॅन्सिबल, पपेट आणि सॉल्टच्या तपासणी कमांड समोरासमोर

डेटाबेसच्या एका मशीनवर कनेक्शनची मर्यादा ४०० हवी होती, तिथे १०० निघाली. बाकीच्या दोन मशीनवर बरोब्बर ४००. रिपॉझिटरी (आमच्या सेटिंगच्या फाइलींचा साठा) उघडली तर ४०० ढळढळीत लिहिलेलं. पोस्टग्रेस या डेटाबेसची मूळची मर्यादा १००च असते, त्यामुळे ‘आपली फाइल पोचलीच नाही’ या समजुतीत माझा अर्धा तास गेला. फाइल पोचली होती. १०० हा आकडा आमच्यापैकीच कुणीतरी दुसरीकडे लिहून ठेवला होता.

कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटचं, म्हणजे अनेक सर्व्हरची सेटिंग फाइलींत लिहून ती आपोआप लावणारं, टूल निवडताना सगळे विचारतात की एजंट (प्रत्येक मशीनवर चालणारा छोटा प्रोग्रॅम) बसवावा लागतो का, फाइली कोणत्या भाषेत लिहायच्या. हे पहिल्या महिन्याचे प्रश्न. त्यानंतरची वर्षं एकाच प्रश्नात जातात: या मशीनला नेमकं काय लागू होतंय, आणि ते कुठून आलं? म्हणून अशा तीन टूलची ही तुलना फक्त तेवढ्याच अंगाने.

अ‍ॅन्सिबलपासून सुरुवात करतो, कारण वरचा घोळ तिथलाच. ‘अ‍ॅन्सिबल-इन्व्हेंटरी --ग्राफ’ मारलं की इन्व्हेंटरीचं, म्हणजे मशीनच्या यादीचं, वंशावळीसारखं झाड छापून येतं: @ लावलेले ग्रुप आणि त्यांच्या खाली रेघांना लटकलेली मशीनची नावं. ‘--होस्ट’ आणि मशीनचं नाव दिलं की त्या मशीनच्या वाट्याला आलेली सगळी व्हेरिएबल्स (नाव दिलेली सेटिंग) एकत्र करून जेसन या मजकुरी स्वरूपात मिळतात. सर्व्हरला हात लागत नाही, लॅपटॉपवर काम होतं. शिकायला दहा मिनिटं पुरतात.

पण आमच्या मशीनबद्दल विचारलं तेव्हा उत्तर आलं १००. बस, एवढंच. कुठल्या फाइलमधून, याचा पत्ता नाही. ते मशीन डीबीसर्व्हर्स आणि पुणे अशा दोन ग्रुपमध्ये होतं. एकाच पातळीवरचे ग्रुप अ‍ॅन्सिबल इंग्रजी वर्णक्रमाने वाचतं आणि नंतरचा आधीच्यावर चढतो. डी आधी, पी नंतर, म्हणून पुण्याचे १०० जिंकले. बाकीची दोन मशीनं मुंबई ग्रुपमधली, आणि तिथे ती ओळच नव्हती. हे मला टूलने सांगितलं नाही, शेवटी फाइलींत शब्द शोधणाऱ्या ग्रेपने सांगितलं.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. ही कमांड फक्त इन्व्हेंटरीच्या आसपासची व्हेरिएबल्स दाखवते. रोलच्या (कामांच्या तयार गठ्ठ्याच्या) डिफॉल्टमध्ये किंवा प्लेबुकच्या (कामांची यादी असलेल्या फाइलीच्या) आत लिहिलेलं काही तिला दिसत नाही. अ‍ॅन्सिबलच्या कागदपत्रांत व्हेरिएबलच्या मानपानाच्या (कुणाचं कुणावर चालतं त्याच्या) तब्बल २२ पायऱ्या दिल्या आहेत. त्यातल्या थोड्याच इथे उमटतात. प्लेबुकमधली कामं छापणाऱ्या ‘--लिस्ट-टास्क्स’चंही तसंच: इम्पोर्ट केलेली टास्क दिसतात, चालू असताना इन्क्लूड होणारी दिसत नाहीत.

पपेटचं ‘पपेट लुकअप’ याच प्रश्नासाठी बनवल्यासारखं आहे. की (सेटिंगचं नाव) द्या, ‘--नोड’ने मशीन सांगा आणि शेवटी ‘--एक्स्प्लेन’ जोडा. मग हायरा या पपेटच्या डेटा-फाइलींच्या व्यवस्थेची उतरंड पायरीपायरीने समोर येते. या मशीनची स्वतःची फाइल पाहिली, ती अस्तित्वातच नाही. डेटासेंटरची फाइल पाहिली, तिच्यात ही की नाही. रोलच्या (मशीनच्या कामाच्या) फाइलमध्ये सापडली, किंमत ४००. प्रत्येक पायरीला फाइलचा पूर्ण पाथ, आणि व्हेरिएबल भरण्याआधी तो कसा लिहिला होता तेही. माझा अर्धा तास इथे अर्ध्या मिनिटात आटोपला असता.

मात्र ही कमांड पपेट सर्व्हरवर चालवायची असते आणि त्या मशीनचे फॅक्ट (मशीनने स्वतःबद्दल कळवलेली माहिती) पपेटडीबी या पपेटच्या डेटाबेसमध्ये आधीपासून असावे लागतात. नसतील तर ‘--फॅक्ट्स’ने फाइल पुरवावी लागते. ‘--नोड’ द्यायला विसरलात तर ती ज्या मशीनवर बसला आहात त्याचेच फॅक्ट धरते आणि अगदी आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर देते. मॅनिफेस्टमध्ये (पपेटच्या कोडच्या फाइलीत) ठरणारी व्हेरिएबल्स उतरंडीत वापरली असतील तर ‘--कंपाइल’ही लागतं.

जाता जाता ‘पपेट रिसोर्स’. एखादा यूजर, पॅकेज किंवा सर्व्हिस मशीनवर आत्ता कशी आहे ते ही कमांड पपेटच्याच भाषेत लिहून देते. हाताने उभारलेला जुना सर्व्हर व्यवस्थापनाखाली आणताना हिच्याइतकी कामाची गोष्ट या तिघांत दुसरी नाही.

सॉल्ट वेगळ्या बाजूने येतं. ‘स्टेट.शो_हायस्टेट’ मिनियनवर (सॉल्टचा एजंट असलेल्या मशीनवर) सगळं जिंजा (फाइलींतली टेम्प्लेटची भाषा) सोडवतं आणि शिजलेलं अन्न ताटात वाढावं तशी अंतिम डेफिनिशन दाखवतं. प्रत्येक स्टेटला (मशीन कसं असावं याच्या एका नोंदीला) १०००० पासून पुढे क्रमांक लागलेला असतो, म्हणजे आधी काय, मग काय, हेही कळतं. स्टेट कुठल्या एसएलएस (स्टेट लिहिण्याच्या) फाइलमधून आली तेही सोबत असतं. एखाद्या आकड्याचा उगम मात्र इथेही शोधावा लागतो, कारण तो बहुधा पिलरमधून (मशीननिहाय डेटा ठेवण्याच्या सॉल्टच्या जागेतून) आलेला असतो. तिथे एक खड्डा आहे: ‘पिलर.आयटम्स’ ताजा पिलर तयार करून दाखवतं, ‘पिलर.गेट’ मिनियनच्या मेमरीतला शिळा वाचतं. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर घाबरू नका, आधी पिलर रिफ्रेश करा.

आणि सॉल्टमध्ये नुसतं पाहणंही दरवेळी निरुपद्रवी नसतं. कुणी जिंजाच्या आत ‘सीएमडी.रन’ लिहिलं असेल तर टेम्प्लेट सोडवताना ती कमांड खरोखर चालते, मग तुम्ही शो म्हणा की टेस्ट.

रंगीत तालमीची, म्हणजे काही न बदलता काय बदलेल ते पाहण्याची, सोय तिघांकडेही आहे: अ‍ॅन्सिबलचं ‘--चेक --डिफ’, पपेटचं ‘--नूप’, सॉल्टचं ‘टेस्ट=ट्रू’. अ‍ॅन्सिबलचा डिफ डोळ्यांना सर्वात सोपा. पण शेल आणि कमांड मॉड्यूल (थेट कमांड चालवणारी) ‘--चेक’ सहसा वगळतं आणि त्यांच्या निकालावर अवलंबून असलेली पुढची टास्क भलत्याच जागी कोसळतात. शेल मॉड्यूलने भरलेलं प्लेबुक असेल तर तालमीवर विसंबू नका.

मग घ्यायचं कोणतं? पन्नासेक मशीन, दोन-तीन माणसं, एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन) हातात असेल, तर अ‍ॅन्सिबलच घ्या आणि एक व्हेरिएबल एकाच ठिकाणी लिहायची शिस्त पाळा. ती नसेल तर ग्रेप आहेच. डेटासेंटर, एन्व्हायर्नमेंट, रोल, ग्राहक असे चार-पाच थर एकमेकांवर चढणार असतील तर माझं मत पपेटला, तेही एका ‘--एक्स्प्लेन’साठी. सॉल्ट मी तिथेच सुचवेन जिथे मिनियन कायम जागे असतात आणि टीमला जिंजाचा कंटाळा नाही. मालकीचाही विचार करा. अ‍ॅन्सिबल २०१५ पासून रेड हॅटकडे स्थिर आहे. पपेट २०२२ मध्ये परफोर्सकडे गेलं आणि २०२५ मध्ये समुदायाने ओपनव्हॉक्स नावाची वेगळी चूल मांडली. सॉल्ट २०२० मध्ये व्हीएमवेअरकडे आणि तिथून २०२३ मध्ये ब्रॉडकॉमकडे पोचलं.

आम्ही अ‍ॅन्सिबलवरच राहिलो. आता रोज रात्री ‘अ‍ॅन्सिबल-इन्व्हेंटरी --लिस्ट’चं आउटपुट एका वेगळ्या रिपॉझिटरीत जमा होतं आणि सकाळी चहाबरोबर कालचा-आजचा फरक पाहतो. हे करणार असाल तर एक सांभाळा: पूर्ण फाइल वॉल्टने (अ‍ॅन्सिबलच्या एन्क्रिप्शनने) कुलूपबंद असेल आणि कमांडला पासवर्ड मिळाला, तर आतला मजकूर आउटपुटमध्ये उघडा छापला जातो. आमचा क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारा) म्हणूनच वॉल्टच्या फाइली वगळलेल्या इन्व्हेंटरीवर चालतो.